डेंग्यू : प्रयोगशालेय निदानाचा इतिहास

एडिस इजिप्ती व एडिस अल्बोपिक्टस या जातींच्या डासांच्या दंशातून पसरणाऱ्या डेंग्यू या विषाणुजन्य ज्वराचे निदान केवळ लक्षणांवरून करणे कठीण असते. अचानक चढणारा ताप, डोळ्यांच्या खोबणीमागील वेदना, सांधे व स्नायू यांतील असह्य ठणका आणि अंगावरील पुरळ ही लक्षणे ठळक असली, तरी चिकुनगुन्या, इन्फ्ल्यूएंझा, लेप्टोस्पायरोसिस, हिवताप व आंत्रज्वर यांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रुग्ण साधारणपणे असाच दिसतो. रोगाची खात्री करण्यासाठी प्रयोगशाळेची गरज विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच जाणवत होती. या गरजेतून निर्माण झालेल्या परीक्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः वेळेशी चाललेली झुंज होय. जी परीक्षा खात्रीची होती तिचे उत्तर रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर मिळे आणि जिचे उत्तर वेळेवर मिळू लागले तिच्यावर पूर्ण विसंबता येत नसे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्याला ही अडचण अद्यापही पूर्णपणे चुकलेली नाही.

या अडचणीचे मूळ रोगाच्या क्रमातच आहे. ताप येण्याच्या सुमारास रुग्णाच्या रक्तात विषाणू विपुल असतो. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तो बहुधा नाहीसा होतो. त्याला प्रतिकार करणारी प्रतिपिंडे तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतात व दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सर्व रुग्णांत आढळतात. म्हणजे आरंभी विषाणू शोधावयाचा आणि नंतर प्रतिपिंड. ज्वराचा दिवस ठाऊक नसेल, तर कोणत्याही परीक्षेच्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही. रोगातील धोक्याचा काळ या दोन्हींच्या मधोमध, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असताना येतो. त्या वेळी केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपतो व रुग्ण बरा होत आहे असे घरच्यांना वाटत असतानाच त्याला अवसाद (रक्ताभिसरण कोलमडण्याची अवस्था) होऊ शकतो.

प्रारंभिक काळ : फिलाडेल्फियातील १७८० च्या साथीचे बेंजामिन रश यांनी केलेले वर्णन हे या रोगाच्या सुस्पष्ट वर्णनांपैकी जुने मानले जाते. परंतु रोगकारकाचा शोध लागण्यास त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटली. अमेरिकी लष्करातील पर्सी ॲशबर्न व चार्ल्स क्रेग यांनी १९०७ मध्ये फिलिपीन्समध्ये रुग्णाचे रक्त सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून निरोगी स्वयंसेवकांना टोचले आणि त्यांना डेंग्यू झाला. रोगाचे कारण गाळणीतून पार होणारा अतिसूक्ष्म विषाणू आहे, हे यावरून सिद्ध झाले. त्याआधीच्या वर्षी ऑस्ट्रेलियात टॉमस बँक्रॉफ्ट यांनी एडिस डासाकडे बोट दाखविले होते. पुढील तीन दशके या विषाणूची एकमेव ‘परीक्षा’ म्हणजे जिवंत माणूसच होता. ज्याला टोचले तो आजारी पडला, तर रक्तात विषाणू होता, एवढेच म्हणता येई. आजच्या नीतिनियमांत न बसणारी ही पद्धत निदानाच्या कामाची तर मुळीच नव्हती.

हिवतापाशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. हिवतापाचा परजीवी रंगविलेल्या रक्तलेपात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाल्यावर तापाच्या रुग्णाचे बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेणे, हा खेड्यापाड्यांत आरोग्यसेवेचा परिचित भाग झाला. डेंग्यूच्या विषाणूचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मीटर) असल्यामुळे तो या काचपट्टीवर दिसणे शक्यच नव्हते. ज्या तापात परजीवी सापडला नाही, त्याची नोंद केंद्राच्या वहीत ‘इतर ताप’ अशी होई आणि तपास तेथेच थांबे. अनेक वर्षे कित्येक डेंग्यूचे रुग्ण या ‘इतर’ रकान्यात जमा झाले असावेत.

उंदीर व रक्तरस : दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक व आशियाई रणभूमीवर मोठ्या संख्येने सैनिक डेंग्यूने आजारी पडू लागले आणि संशोधनाला एकाएकी गती मिळाली. जपानमधील नागासाकी येथील १९४३ च्या साथीतील रुग्णांच्या रक्तातून रेन किमुरा व सुसुमू होत्ता यांनी उंदरांच्या पिलांच्या मेंदूत टोचून विषाणू वेगळा केला. त्यानंतर लवकरच अमेरिकेच्या बाजूने अल्बर्ट सेबिन व वॉल्टर श्लेसिंगर यांनी स्वतंत्रपणे तेच साधले. सेबिन यांनी अभ्यासलेल्या वाणांत हवाई व न्यू गिनी येथील वाणांबरोबर कलकत्त्यातील अमेरिकन सैनिकांपासून मिळालेले वाणही होते. हवाई वाण हा प्रकार १ व न्यू गिनी वाण हा प्रकार २ म्हणून मान्य झाला. प्रकार ३ व ४ हे मॅनिला येथील १९५६ च्या साथीतून विल्यम हॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले. एका प्रकाराच्या संसर्गामुळे त्या प्रकारापुरती दीर्घकाळची प्रतिकारक्षमता येते, इतर प्रकारांविरुद्ध मात्र ती काही महिनेच टिकते, हे सेबिन यांनी दाखविले. निदानाच्या पुढील साऱ्या गुंतागुंतीचे बीज या निष्कर्षात होते, कारण दुसऱ्या वेळी डेंग्यू होणाऱ्या माणसाचे रक्त परीक्षेला निराळे उत्तर देते.

विषाणू वेगळा करणे हे काम फार थोड्या प्रयोगशाळांच्या आवाक्यातील होते. नेहमीच्या निदानासाठी रक्तरसातील प्रतिपिंडे शोधणे अधिक सोयीचे होते. काही विषाणू पक्ष्यांच्या तांबड्या कोशिकांना एकत्र चिकटवितात व विशिष्ट प्रतिपिंड असल्यास ही क्रिया अडते, या तत्त्वावर रक्तसमूहन-निरोध परीक्षा आधारलेली आहे. कीटकवाहित विषाणूंसाठी डेल्फिन क्लार्क व जॉर्डी कॅसल्स यांनी १९५८ मध्ये तिची प्रमाणभूत रीत प्रसिद्ध केली आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे हीच जगभर मुख्य परीक्षा राहिली. तिच्यासाठी हंसाच्या तांबड्या कोशिका लागत. रक्तरसातील अवांतर निरोधके केओलीन मातीने किंवा ॲसिटोनाने आधी काढून टाकावी लागत आणि द्रावाची आम्लता काटेकोरपणे सांभाळावी लागे. मुख्य अट ही की रक्ताचे दोन नमुने हवेत : एक तापात असताना घेतलेला व दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्यात प्रतिपिंडांची पातळी निदान चौपट वाढलेली असेल तरच निदान पक्के. दुसरा नमुना द्यावयास रुग्ण बहुधा येत नसे, कारण बरा झालेला मनुष्य पुन्हा सुई टोचून घेण्यास दवाखान्यात कशाला येईल! शिवाय जपानी मस्तिष्कशोथ, पश्चिम नाईल ज्वर, क्यासनूर वन रोग यांचे विषाणू डेंग्यूच्याच कुलातील असल्याने त्यांची प्रतिपिंडेही या परीक्षेत उमटत. पूरक बंधन परीक्षेचीही स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. निष्प्रभावन परीक्षा अधिक विशिष्ट होती. बँकॉक येथे फिलिप रसेल, आनंदा निसालक इत्यादींनी १९६७ मध्ये कोशिका संवर्धनावरील ठिपके मोजून ती सुटसुटीत केली. पण तिला दिवसांमागून दिवस लागत.

या परीक्षांना रुग्णाच्या दृष्टीने मूल्य नव्हते, असे म्हणता येईल. साथीच्या दृष्टीने मात्र ते मोठे होते. मॅनिलात १९५३-५४ मध्ये व बँकॉकमध्ये १९५८ मध्ये मुलांत जो रक्तस्रावी ज्वर उद्भवला, तो डेंग्यूच आहे हे रक्तरस परीक्षांमुळेच कळले. बँकॉकच्या रुग्णांचे जोडनमुने तपासूनच स्कॉट हॅलस्टेड यांनी गंभीर रोग हा बहुधा दुसऱ्या संसर्गात होतो, ही उपपत्ती मांडली.

पुण्यातील कार्य : भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. कीटकवाहित विषाणूंचा शोध हेच त्याचे आरंभीचे प्रमुख कार्य होते. कलकत्ता येथे १९६३-६४ मध्ये रक्तस्रावासह ज्वराची साथ पसरली. त्या वेळी रुग्णांच्या रक्तातून डेंग्यूबरोबर चिकुनगुन्याचाही विषाणू मिळाला व चिकुनगुन्या भारतात असल्याचा तो पहिला पुरावा ठरला. दोन्ही विषाणू एकाच डासाकडून पसरतात, दोन्हींत सांधे दुखतात. परंतु त्यांची कुले भिन्न असल्याने रक्तसमूहन-निरोध परीक्षेत ते सहज वेगळे होतात. महाराष्ट्रात बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली. नंतर सुमारे तीन दशके हा रोग देशात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला.

पुण्याच्या केंद्राची या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ देणगी मात्र वेगळीच आहे. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस व एडिस इजिप्ती या डासांच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांपासून काचपात्रात सतत वाढणाऱ्या कोशिकावली तयार केल्या. अल्बोपिक्टसच्या कोशिकांत डेंग्यूचा विषाणू चांगला वाढतो, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना लवकरच आढळले. रुग्णाचे रक्त उंदराच्या पिलांच्या मेंदूत टोचण्याची गरज त्यामुळे कमी झाली. याच कोशिकावलीतून जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये डेंग्यू व चिकुनगुन्या या दोहोंना विशेष संवेदनशील असा एक कोशिकावंश निवडून काढला. ‘सी ६/३६’ या नावाने तो जगातील बहुतेक विषाणू प्रयोगशाळांत पोहोचला असून आजही वापरला जातो. इगाराशी यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचे नाव आहे. पुण्यात मात्र या घटनेची आठवण तज्ञांबाहेर क्वचितच कोणाला असते.

दरम्यान होनोलुलू येथे लिऑन रोझेन व डुआन गब्लर यांनी १९७४ मध्ये रुग्णाचा रक्तरस थेट जिवंत डासांच्या शरीरात टोचण्याची पद्धत काढली. नर डास चावत नसल्याने ते निर्धोक असत. पुढे टॉक्सोऱ्हिंकायटिस या रक्त न शोषणाऱ्या मोठ्या डासाचाही उपयोग करण्यात आला. विषाणू वेगळा करण्याची ही सर्वांत संवेदनशील रीत होती, पण डास पाळणारी प्रयोगशाळा हवी आणि उत्तरासाठी आठवडा-दोन आठवडे थांबण्याची तयारी हवी.

एकाच नमुन्याची परीक्षा : स्टॉकहोम येथे एव्हा एंगव्हाल व पेटर पर्लमान यांनी १९७१ मध्ये वर्णन केलेल्या एलायझा पद्धतीने चित्र पालटले. संसर्गानंतर प्रथम तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडे दोन-तीन महिनेच टिकतात. म्हणून ती सापडली तर संसर्ग अलीकडचा आहे असे एकाच नमुन्यावरून म्हणता येते. डॉनल्ड बर्क व निसालक यांनी १९८२ मध्ये थायलंडात जपानी मस्तिष्कशोथासाठी आयजीएम पकडणारी परीक्षा वापरली. ब्रूस इनिस इत्यादींनी १९८९ मध्ये ती डेंग्यूसाठी, दोन्ही रोग जेथे एकत्र आढळतात अशा प्रदेशाच्या दृष्टीने, प्रमाणित केली. या परीक्षेत ९६ खळगे असलेल्या पट्टिकेच्या तळाशी मानवी आयजीएमला पकडणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. त्यांवर क्रमाने रुग्णाचा रक्तरस, डेंग्यूचे प्रतिजन व एंझाइम जोडलेले प्रतिपिंड घालतात. शेवटी घातलेल्या रंगद्रव्यजनकाला रंग आला, तर उत्तर होकारार्थी. एकाच कोशिकेच्या वंशातून मिळणारी एकसारखी प्रतिपिंडे उपलब्ध झाल्यावर या परीक्षांत एकवाक्यता आली.

राष्ट्रीय विषाणू संस्थेने या तत्त्वावर बनविलेले परीक्षासंच राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमामार्फत देशभरातील निर्देशक रुग्णालयांना पुरविले जाऊ लागले. दिल्लीतील १९९६ च्या साथीत दहा हजारांहून अधिक रुग्ण व चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. त्यानंतर अशा जाळ्याची निकड उघड झाली होती. जिल्हा पातळीवर हे जाळे उपयुक्त ठरले, तरी एक व्यावहारिक अडचण राहिली. पट्टिकेतील सर्व खळगे भरतील इतके नमुने जमेपर्यंत ती लावणे परवडत नाही. साथीत नमुने भराभर येतात. साथ नसताना, म्हणजे पहिला रुग्ण ओळखणे सर्वांत महत्त्वाचे असते तेव्हा, नमुना शीतपेटीत वाट पाहत राहतो.

आरंभीच्या दिवसांतील निदान : पहिल्या पाच दिवसांतील विषाणू ओळखण्यासाठी रॉबर्ट लँचिओटी इत्यादींनी १९९२ मध्ये विषाणूच्या आरएनएपासून डीएनए तयार करून त्याचे बहुगुणन करणारी पीसीआर पद्धत प्रसिद्ध केली. चारांपैकी कोणता प्रकार, हेही तीत काही तासांत कळते. पण यंत्र, प्रशिक्षित कर्मचारी व नमुना थंड राखण्याची सोय यांवाचून ती चालत नाही.

प्राथमिक केंद्राच्या आवाक्यात आली ती एनएस-१ परीक्षा. संसर्गित कोशिका हे प्रथिन रक्तात सोडतात. त्याचा विद्राव्य प्रतिजन म्हणून उल्लेख १९७० च्या सुमारासच झाला होता, परंतु निदानासाठी त्याचा उपयोग होण्यास तीस वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात पॉल यंग इत्यादींनी २००० मध्ये व फ्रेंच गियानातील रुग्णांवर सोफी अल्कॉन इत्यादींनी २००२ मध्ये केलेल्या कामातून हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडते, असे स्पष्ट झाले. थोड्याच वर्षांत त्याच्या एलायझा परीक्षा बाजारात आल्या आणि पाठोपाठ कागदी पट्टीच्या जलद परीक्षाही आल्या. पट्टीवर रक्तरसाचे थेंब टाकले की १५-२० मिनिटांत रंगीत रेघ उमटते. एनएस-१, आयजीएम व आयजीजी अशा तिन्ही घटकांच्या रेघा एकाच संचात दाखविणारी रचना विशेष लोकप्रिय झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवश्यक निदान परीक्षांच्या दुसऱ्या सूचीत डेंग्यूचाही समावेश केला.

तथापि रेघ उमटली नाही, तर रोग नाही असे समजणे धोक्याचे आहे. दुसऱ्या संसर्गात आधीची प्रतिपिंडे एनएस-१ प्रथिनाला बांधून टाकतात व परीक्षा त्याला चुकते. त्याच रुग्णात आयजीएमही कमी प्रमाणात किंवा उशिरा तयार होतात. म्हणजे ज्याला गंभीर रोगाचा संभव अधिक, त्याच्याच बाबतीत जलद परीक्षा नकारार्थी येण्याचा संभव अधिक असतो. या कारणास्तव भारतीय कार्यक्रमात जलद परीक्षेवरून होकारार्थी ठरलेला रुग्ण ‘संभाव्य’ मानतात आणि पुष्टी एलायझाने करतात : आरंभीच्या दिवसांत एनएस-१ व पाचव्या दिवसानंतर आयजीएम. ही वर्गवारी रोगाच्या मोजणीसाठी आहे. उपचार तिच्यासाठी थांबवावयाचे नसतात.

उपचारासाठी उपयोगी पडणाऱ्या परीक्षा याहून जुन्या व साध्या आहेत. दंडावर रक्तदाबमापकाची पट्टी आकुंचक व प्रसरणीय दाबांच्या मध्यावर पाच मिनिटे फुगवून ठेवतात व हातावर उमटणारे लाल ठिपके मोजतात. एका चौरस इंचात दहा किंवा अधिक ठिपके आल्यास परीक्षा होकारार्थी धरतात. दुसरी परीक्षा हिमॅटोक्रिटची. त्यात रक्तातील तांबड्या कोशिकांचे शेकडा प्रमाण दिसते, व ते मूळ पातळीच्या २० टक्क्यांनी वाढले, तर रक्तद्रव बाहेर झिरपत असल्याचे कळते. बँकॉकच्या बालरुग्णालयात सुचित्रा निम्मानित्या यांनी केलेल्या निरीक्षणांवर आधारित हे निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये मार्गदर्शिकेत घेतले व २००९ मध्ये त्यांत धोक्याच्या लक्षणांची भर घातली. वेळेवर व मोजून दिलेल्या द्रवांमुळे गंभीर डेंग्यूतील मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून एका टक्क्याखाली आणता येते. त्यासाठी विषाणूचे नाव कळण्याची वाट पाहावी लागत नाही. लोकांचे लक्ष मात्र बिंबाणूंच्या (प्लेटलेटच्या) आकड्यावर खिळलेले असते. तो आकडा अनेक तापांत घसरतो. त्यावरून डेंग्यू सिद्ध होत नाही व केवळ तो कमी आला म्हणून बिंबाणू चढविण्याचे कारणही नसते. साथीच्या दिवसांत या भीतीचा व्यापार होतो. दिल्ली सरकारने २०१५ मध्ये खाजगी प्रयोगशाळांतील डेंग्यू परीक्षेच्या दराला ६०० रुपयांची मर्यादा घातली, ती याच परिस्थितीत.

पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाच्या परीक्षेलाही २०१७ नंतर अनपेक्षित महत्त्व आले. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही अशा मुलांत पहिली परवानाप्राप्त लस गंभीर रोगाचा धोका वाढवू शकते, असे त्या वर्षी उघड झाले आणि फिलिपीन्समधील शालेय लसीकरण थांबविण्यात आले. लशीपूर्वी रक्त तपासावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. परंतु आयजीजीची परीक्षा त्याच कुलातील इतर विषाणूंच्या प्रतिपिंडांमुळेही होकारार्थी येते, ही जुनी अडचण येथेही आडवी आली.

झिका विषाणूच्या प्रसारानंतर ही अडचण आणखी वाढली, कारण तोही याच कुलातील व याच डासाकडून पसरणारा आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर या गावी जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले. राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने तपासले असता बहुतेक रुग्ण चिकुनगुन्याचे, काही डेंग्यूचे व एक झिकाचा निघाला. महाराष्ट्रातील झिकाची ती पहिली नोंद होय. केवळ डेंग्यूची जलद पट्टी वापरून तपास थांबविला असता, तर यांपैकी बहुतेकांच्या पुढे ‘इतर ताप’ हीच नोंद राहिली असती.